गिऱ्हाईक कुणाचं?

(जयपूरमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



जयपूर म्हटलं की पर्यटकांना हवामहल आठवतो. आपल्याला हायकोर्टाच्या आवारातला मनूचा पुतळा आठवतो, आणि २०१८ साली औरंगाबादहून येऊन त्याला काळं फासणाऱ्या दोन महिलाही आठवतात. आज मी मात्र इथल्या जूतीबद्दल बोलणार आहे. आपण तिला मोजडी म्हणतो.

माझं पीएच.डी.चं काम चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर आणि ऑनलाइन विक्री यावर चाललंय. हा विषय मला ग्रंथालयात सापडला नाही. माझं आजोळ कोल्हापूर जिल्ह्यातलं. मामा चपला करतात, मामी वेणी घालतात. मामांचा मुलगा बी.कॉम. झाला, नोकरी मिळाली नाही, म्हणून त्याने घरचाच माल ऑनलाइन विकायला काढला. सुट्टीत मी घरी गेले की तो विचारायचा, "ताई, तू एवढी शिकलीस, तर सांग. मोठ्या प्लॅटफॉर्मवर विकू की स्वतःची वेबसाइट काढू?" मला उत्तर येत नव्हतं. तोच प्रश्न घेऊन मी इथे आले.

घाटगेटजवळच्या रैगर वस्तीत मी एका वयस्कर कारागिरांना तो विचारला. त्यांनी टाका न थांबवता मलाच उलट विचारलं, "बेटा, ये बताओ, ग्राहक किसका है?"

आजचं माझं सगळं बोलणं त्या एका वाक्याभोवती आहे.

जयपूर १७२७ साली आखून वसवलेलं शहर. इथल्या गल्ल्यांची नावं आजही धंद्यावरून आहेत: मनिहारों का रास्ता, ठठेरों का रास्ता. धंदा म्हटला की जात आलीच. जूतीचं काम असं चालतं: पुरुष चामडं कापतात, तळ शिवतात, बायका वरच्या भागावर कशिदा काढतात. मी ज्या घरांत बसले, त्यांतल्या बहुतेकांचा माल दुकानदाराकडे जातो. गिऱ्हाईक दुकानात येतं, दुकानदाराचं नाव लक्षात ठेवतं आणि पुढच्या वर्षी त्याच्याकडेच परत येतं. जूती कुणी शिवली, हे त्याला कधी कळतच नाही.

मग ऑनलाइन बाजार आला. फ्लिपकार्ट २००७ चं, मीशो २०१५ चं, ॲमेझॉनने भारतात २०१३ साली दुकान मांडलं. आपल्या लोकांना त्यात काय दिसलं, हे नीट समजून घेतलं पाहिजे. तिथे गल्ली नाही. समोरचा माणूस "आडनाव काय?" असं विचारत नाही. पैसे हातावर वरून टाकत नाही, थेट खात्यात जमा होतात. माझा भाऊ पहिली ऑर्डर आली तेव्हा म्हणाला होता, "ताई, पुण्यातल्या कुठल्या पेठेत गेली बघ आपली चप्पल, आणि कुणी काही विचारलं नाही!" या आनंदाला हसू नका. बाबासाहेब परदेशातून शिकून आले, मुंबईत त्यांनी शेअर्सबाबत सल्ला देण्याची फर्म काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईकं फिरकेनाशी झाली आणि फर्म बंद पडली. एवढं शिकलेल्या माणसाचं दुकान जातीने बंद पाडलं. म्हणून नाव न दिसणं हा आपल्याला दिलासा वाटतो, आणि तो खोटा नाही.

पण त्या दिलाशाची किंमत काय? हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल धरा, ते प्लॅटफॉर्मगणिक आणि वस्तूगणिक बदलतात.

७०० रुपयांची जोडी. चामडं, दोरा, तळ यांचे ३०० गेले. प्लॅटफॉर्मचं कमिशन, ठरावीक शुल्क आणि कुरिअर मिळून २०० गेले. उरले २००. आता दहा जोड्या पाठवल्या आणि दोन परत आल्या. चामड्याची चप्पल सुरुवातीला घट्टच असते, चार दिवस घातली की पायाला बसते. आपल्याला हे माहीत असतं, ऑनलाइन घेणाऱ्याला नसतं. तो "साइज चुकीचा" म्हणून परत पाठवतो. आठ जोड्यांचे १६०० मिळाले, दोन परत आलेल्यांच्या कुरिअरचे ३०० गेले. दहा जोड्यांच्या कष्टाचे उरले १३००, आणि परत आलेल्या जोड्या मळलेल्या.

आता तीच जोडी स्वतःच्या वेबसाइटवर. माल ३००, कुरिअर १००, ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचे साधारण दोन टक्के म्हणजे १४. उरले २८६. प्लॅटफॉर्मपेक्षा ८६ रुपये जास्त. लगेच टाळ्या वाजवू नका. ते ८६ रुपये म्हणजे गिऱ्हाईक आणून देण्याचा दर आहे. प्लॅटफॉर्मवर गर्दी आधीच असते. तुमच्या वेबसाइटवर कोण येणार? जाहिरात करावी लागते. एका ऑर्डरमागे जाहिरातीला ८६ पेक्षा जास्त गेले, तर स्वतःचं दुकान महाग पडलं. माझ्या भावाचं तसंच झालं. पहिल्या तीन महिन्यांत त्याचे जाहिरातीतच पैसे गेले.

इथे आपल्याला कोल्हापूरचे गंगाराम कांबळे आठवले पाहिजेत. शाहू महाराजांच्या पागेत काम करणारा हा माणूस पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल काढायला मदत केली. 'सत्यसुधारक' हे त्याचं नाव. हॉटेल स्वतःचं होतं, चहा चांगला होता, पण सवर्ण गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा प्यायला लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. ही गोष्ट आपण महाराजांच्या मोठेपणासाठी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण धंद्याच्या अंगानेही ती ऐका: दुकान काढणं हे अर्धंच काम, गिऱ्हाईक आणणं हे उरलेलं अर्धं. ज्याच्या मागे नात्यागोत्याची, ओळखीपाळखीची फौज आहे, त्याचं हे अर्धं काम फुकटात होतं. त्याचा मावसा आर्किटेक्ट असतो, वर्गमैत्रीण मासिकात लिहीत असते. आपल्याकडे ते भांडवल नाही. वेबसाइट सगळ्यांसाठी सारखी असते, तिच्यावर येणारी माणसं सारखी नसतात.

मग प्लॅटफॉर्मच बरा का? आता 'ग्राहक किसका है' कडे परत येऊ.

भावाच्या गिऱ्हाइकांपैकी काहींना चप्पल फार आवडली. त्यांना पुन्हा हवी होती, पण ती माणसं कोण, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यांची सगळी माहिती प्लॅटफॉर्मकडे. पार्सलमध्ये आपल्या वेबसाइटचं कार्ड टाकणं सहसा प्लॅटफॉर्मच्या नियमात बसत नाही. त्या गिऱ्हाइकाने पुन्हा 'कोल्हापुरी' असं शोधलं की त्याच्यासमोर शंभर चपला येतात, त्यांत रेग्झिनच्या, मशीनवर केलेल्या स्वस्त चपलाही असतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. पण शोधाच्या चौकटीला जीआय कळत नाही, तिला किंमत आणि जाहिरात कळते.

मग एका दिवाळीच्या तोंडावर त्या प्लॅटफॉर्मने भावाचं खातं बंद केलं. कारण काय, तर परत येणारा माल जास्त. कुणाशी बोलायचं? फोन उचलायला माणूस नाही, ईमेलला ठरावीक उत्तर. घरात जोड्यांचा ढीग. मामा एवढंच म्हणाले, "दुकानदार निदान समोर तरी बसायचा. त्याच्याशी भांडता यायचं."

त्या दिवाळीत घर चाललं ते वेबसाइटवरच्या मोजक्या गिऱ्हाइकांवर. त्यांचे नंबर भावाकडे होते. त्याने प्रत्येकाला मेसेज केला. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुन्हा जोडी घेतली आणि त्या ऑर्डरला जाहिरातीचा एक रुपयाही लागला नाही. तेव्हा मला हिशेबातली चूक कळली. आम्ही पहिल्या ऑर्डरचा हिशेब करत होतो. स्वतःचं दुकान पहिल्या ऑर्डरवर कमावतच नाही, ते दुसऱ्या ऑर्डरवर कमावतं. आणि दुसरी ऑर्डर त्यालाच मिळते, ज्याला गिऱ्हाईक कोण आहे हे माहीत असतं.

म्हणून माझं मत असं: प्लॅटफॉर्म हा आठवडी बाजार आहे. तिथे जावं, माल दाखवावा, दोन पैसे मिळवावेत. पण बाजारात कुणी घर बांधत नाही. घर स्वतःच्या नावावर असावं, लहान का असेना.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, नाव. वेबसाइटवर 'आमच्याबद्दल' असं एक पान असतं. भावाने मामांना विचारलं, काय लिहू? मामा म्हणाले, "कोल्हापूर लिही. आडनाव नको." मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी जे सोसलं ते मी सोसलेलं नाही. पण महागड्या 'हेरिटेज' दुकानांच्या वेबसाइटी बघा. तिथे कारागिरांचे हात दिसतात, चेहरा क्वचित, आडनाव तर नाहीच. आपली कला त्यांच्या ब्रँडची गोष्ट होते आणि आपण फक्त हात उरतो. दुसऱ्या बाजूला मुंबईत सुधीर राजभर यांनी आपल्या ब्रँडचं नाव 'चमार स्टुडिओ' ठेवलं. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर चामड्याचं काम अडचणीत आलं, तेव्हा त्यांनी कारागिरांना घेऊन पुनर्वापर केलेल्या रबराच्या बॅगा केल्या. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो, तो त्यांनी दुकानाच्या पाटीवर लावला. हे प्रत्येकाला जमेल असं नाही, जमलंच पाहिजे असंही नाही. पण नाव लपवायचं की लावायचं, हे ठरवायचा हक्क आपला असावा. दुसऱ्याच्या दुकानात तो हक्क आपल्याकडे नसतो.

आणि हे एकट्याने करायचं काम नाही. याच राजस्थानात, तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा भागात १९७५ साली अहमदाबादच्या आयआयएमचे रवी मथाई आणि एनआयडीची मंडळी रैगर आणि विणकर कारागिरांबरोबर काम करू लागली. हेतू नुसत्या नव्या डिझाइनचा नव्हता. कच्चा माल कुठून घ्यायचा, किंमत कशी ठरवायची, गिऱ्हाइकाशी थेट कसं बोलायचं, हे कारागिरांच्या गटाने स्वतः शिकावं हा होता. तेव्हा त्यासाठी बाहेरून प्राध्यापक यावे लागले. आज ते काम करायला आपण आहोत.

आपण घरातले पहिले पदवीधर. आपल्याला इंग्रजी अटी वाचता येतात, अर्ज भरता येतात. म्हणून तीन कामं सांगते. एक, घरात कुणी वेबसाइट काढत असेल तर तिचा पत्ता, म्हणजे डोमेन, कारागिराच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घ्या. बनवून देणाऱ्याच्या नावावर राहिलं, तर तो नवा दुकानदार झाला. दोन, जीएसटीचं बघा. ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नोंदणीशिवाय प्लॅटफॉर्मवर माल विकता येतो, पण आपल्या राज्यातच. कोल्हापूरची चप्पल प्लॅटफॉर्मवरून जयपूरला पाठवायची तर हे आधी समजून घ्यावं लागतं. तीन, गिऱ्हाइकांची वही ठेवा. नाव, नंबर, पायाचं माप. मामा तळपायाचा आकार कागदावर काढून घ्यायचे, तीच ही वही. माप आधी घेतलं की माल परत यायचाही कमी होतो.

भावाचं 'आमच्याबद्दल'चं पान अजून कोरंच आहे. मामा हो म्हणत नाहीत, भाऊ आग्रह सोडत नाही. मी दोघांच्याही बाजूने आहे.

शेवटी एकच विनंती. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराज एकदाच चहा पिऊन गेले असते, तर ती फक्त बातमी झाली असती. ते पुन्हा पुन्हा गेले, म्हणून ते दुकान झालं. आपल्या माणसाने दुकान मांडलं की आपण कौतुकाने एक वस्तू घेतो, फोटो टाकतो आणि विसरतो. माल चांगला नसेल तर तोंडावर सांगा. चांगला असेल तर दुसरी ऑर्डर द्या.

जय भीम.