भाडे, छप्पर आणि कायद्याची मुदत



१९४९ साली आपले बडोदे ज्या मुंबई राज्यात विलीन झाले, तेथील १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे उदाहरण मी आज घेतो. युद्धकाळापासून जागांची टंचाई होती; म्हणून १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण मानले गेले. हेतू उदात्त होता, आणि अनेक गरीब संसार त्यामुळे उघड्यावर आले नाहीत, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

परंतु तात्पुरत्या म्हणून केलेल्या या कायद्याची मुदत वारंवार वाढत गेली. चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी महागली. भाडे मात्र तेथेच थिजले. मालकांनी दुरुस्ती सोडली, पागडी रूढ झाली. १९६९ साली मुंबईतील जीर्ण इमारतींसाठी सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे गोठलेले भाडे अवाजवी ठरविले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात नवा कायदा आला व त्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली.

भाडेकरूला संरक्षण हवेच. पण छप्परच कोसळले, तर संरक्षण कशाचे? कायद्याची मुदत वाढविण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी त्या घराचा जिना एकदा स्वतः चढून पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.