आरसा कोणाचा?

मनुष्य स्वतःला आंतून पाहतो आणि जग त्याला बाहेरून पाहतें. आपण आपले हेतु जमेस धरतों. लोकांना मात्र आपलें आचरण तेवढें दिसतें. तेव्हां या दोन चित्रांत अंतर पडावयाचेंच. प्रश्न असा कीं, त्यांतील खरें कोणतें मानावें?

हा प्रश्न व्यक्तीप्रमाणें प्रदेशालाही पडतो. नांदेड जिल्ह्यांतील मुखेडचेंच उदाहरण घ्या. कन्नड व तेलुगु मुलूख येथून दूर नाहींत. १९४८ पर्यंत येथें निजामाचें राज्य होतें व दरबारची भाषा उर्दू होती. हैदराबादच्या लेखीं मुखेडकर मराठी मुलखांतला, तर पुण्याकडच्या माणसाच्या लेखीं तो 'मोगलाईं'तला! १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला. परंतु 'मागासलेला' हें विशेषण कांहीं सुटलें नाहीं. मराठवाड्याचा माणूस स्वतःला मात्र ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई व एकनाथ यांचा वारस समजत आला.

शाळा, रेल्वे व पाटबंधारे यांची उणीव हा राज्यव्यवस्थेचा दोष होता. तो माणसांच्या बुद्धीच्या माथीं मारणें हा अन्यायच, आणि त्याविरुद्ध मराठवाड्यानें तक्रार केली ती योग्यच केली. पण तेवढ्यानें हिशेब पुरा होत नाहीं.

२७ जुलै १९७८ रोजीं मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं संमत केला. त्यानंतर मराठवाड्यांत दंगली उसळल्या. नांदेड जिल्ह्यांतही दलितांचीं घरें जाळलीं गेलीं, माणसें मारलीं गेलीं. पुढें १४ जानेवारी १९९४ रोजीं विद्यापीठाचा नामविस्तार झाला. संतांचे वारस म्हणविणाऱ्या समाजाचें जें रूप त्या दिवसांत दलित वस्त्यांना दिसलें, तें पाहणारे कोणी परके नव्हते. एकाच शिवारांत राबणारे, एकाच नदीचें पाणी पिणारे ते शेजारी होते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनीं १९०२ मध्यें असें मांडलें कीं, दुसऱ्याच्या नजरेंत आपण कसे दिसत असूं याची कल्पना करून मनुष्य स्वतःला ओळखतो; इतरांची नजर हा त्याचा आरसा. यांत मला एक पुस्ती जोडावीशी वाटते. हा आरसा आपण निवडून घेतों! जो आपल्याहून वरचा, त्याच्याच नजरेची आपणांस चिंता. मुखेडकराला पुण्याच्या मताची, पुणेकराला मुंबईच्या, मुंबईकराला विलायतेच्या.

वास्तविक आपलें खरें रूप त्यांनाच दिसतें, ज्यांच्यापुढें सभ्यपणाचा मुखवटा चढविण्याची आपणांस गरज वाटत नाहीं. साहेबाचें आपल्याविषयीं मत काय, हें आपण दहा वाटांनीं काढून घेतों. शेतांतल्या सालगड्याचें, घरीं भांडीं घासणाऱ्या बाईचें मत काय असेल, हा विचार कितीजणांच्या मनांत येतो? तीं माणसें बोलत नाहींत, याचें कारण त्यांचें कांहीं मत नाहीं हें नव्हे. त्यांची भाकरी आपल्या हातीं आहे, हें होय. त्यांना निर्भयपणें बोलतां येईल अशी वागणूक आधीं ठेवावी, आणि मग आपली ओळख त्यांना विचारावी.