किलोमीटर आणि तास

 

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आमची आई गेली. धाकटा भाऊ सॅन फ्रान्सिस्कोला. तो इंदूरला पोहोचेपर्यंत अंत्यसंस्कार होऊन गेले होते. “विमानाला सोळा तास लागतात, मग दोन दिवस कुठे होता?” असं घरातलेच म्हणाले. मीही म्हणालो.

मी डिप्लोमावाला. नंतर हिशोब मांडला. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को जवळात जवळचं अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. पण वेळ नुसत्या अंतरावर ठरत नाही. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून जाऊ लागलं. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झालं, तरी जवळजवळ दोन तास वाचले. वारा पाठीशी होता ना!

पण विमानातले तास म्हणजे प्रवास नव्हे. तिकीट मिळायला हवं, तीन तास आधी विमानतळ गाठायला हवा, दिल्लीत इंदूरच्या विमानाची वाट पाहायला हवी. शिवाय आपलं घड्याळ साडेबारा तास पुढे. शुक्रवारी सकाळी तिथून निघालेला माणूस इथे येतो शनिवारी रात्री. भाऊ तर मिळालेल्या पहिल्याच विमानानं निघाला होता. मी त्याची माफी मागितली.

आपल्यातल्या अनेकांची मुलं दूर आहेत. त्यांना उशिराबद्दल बोलण्याआधी हा हिशोब करा. आणि आज रात्री आठच्या आरतीला फोन लावा. तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतील.