कणाकणाची झीज
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. उभी हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेली. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार एका जिज्ञासू वाचकाएवढाच आहे, हे आरंभीच सांगतो.

विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगातून वीज मिळविली. हाच इंधन-घटाचा उगम. धूर नाही, राख नाही. उरते ते पाणी. अपोलो यानांतील अंतराळवीर हेच पाणी पीत असत.

मग असे घट सर्वत्र का नाहीत? एक अडचण प्लॅटिनमची. मोटारींसाठी असलेल्या घटात उत्प्रेरक म्हणून हा महाग धातू लागतो. म्हणून त्याचे दोन-तीन नॅनोमीटरचे, म्हणजे मीटरच्या दोन-तीन अब्जांश भागांएवढे, कण कार्बनच्या भुकटीवर बसवितात. काम चालते ते कणांच्या पृष्ठभागावर. परंतु घट वापरात आला की कण वाढू लागतात. आठ कण मिळून दुप्पट व्यासाचा एक कण झाला, तर धातू तेवढाच राहतो. पृष्ठभाग मात्र निम्मा होतो.

हे घडते कसे? आमटीवरचे तेलाचे थेंब एकमेकांस भिडून मोठे होतात, तसे काही कण सरकून एकत्र येतात. काही लहान कण विरघळतात आणि त्यांचा धातू थोरल्यांवर जाऊन बसतो. कोठे खालचा कार्बनच झिजून कण निखळतात. यांतील मुख्य दोष कोणता, हे कळल्याखेरीज उपाय योजता येत नाही.

प्रकाशाची तरंगलांबी या कणांच्या शंभरपटींहून अधिक. साधा सूक्ष्मदर्शक येथे निरुपयोगी. १९३१ साली बर्लिनमध्ये नॉल आणि रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पाया घातला. रुस्का यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक लाभले. २००८ साली जर्मनीतील संशोधकांनी खुणांच्या सोनेरी जाळीवर उत्प्रेरक बसवून, नेमक्या त्याच जागेची वापरापूर्वीची व नंतरची चित्रे ताडून पाहिली. कोणता कण सरला, कोणता हरपला, हे एकेकाचे कळू लागले. आता द्रवात, विद्युतदाब चालू असतानाही निरीक्षण होते. मात्र इलेक्ट्रॉनांच्या झोतानेच कण बदलत नाहीत ना, हे तपासावे लागते.

सरासरीच्या आकड्यात जे दडले होते, ते असे एकेका कणाकडे पाहिल्यावर उलगडले.

परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांशी सणवार आणि नाटकांइतकेच असे विषयही आपण मराठीत बोलावेत, ही माझी विनंती. भाषा स्वयंपाकघरापुरतीच उरली, तर तिचाही पृष्ठभाग आक्रसेल.