विश्रांतीचा वार



रविवार हा काय व्याख्यानाचा विषय आहे, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. रविवार म्हणजे सुटी, आणि सुटी म्हणजे सुटी. त्यात बोलायचे काय? पण आपल्या जिल्ह्याला तरी हा वार पूर्वापार मिळालेला नाही. निजामी अमदानीत येथील कचेऱ्यांना आणि शाळांना सुटी असे ती शुक्रवारची. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपले, आणि त्यानंतर आपण रविवारवाले झालो. मुंबईच्या कामगाराने तो वार त्याआधी अर्धशतक भांडून मिळवला होता.

ती हकीकत थोडक्यात सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. त्या काळी गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुटी अशी नव्हतीच. लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. १८९० च्या एप्रिलात सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा साहेबाचा वार, असे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी नळदुर्गला किंवा अणदूरला जाऊन पाहावे. खंडोबाचा वार कोणता, हे तेथले पोर सांगेल.

विश्रांतीची कल्पना आपण बाहेरून आणलेली नाही, हे सांगायला तर लांब जायलाच नको. तुळजापूरची भवानी दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की नगरकडून आलेल्या पलंगावर निद्रा घेते, ती अश्विनी पौर्णिमेपर्यंत. तिला श्रमनिद्रा म्हणतात. जगदंबेलाही श्रम होतात आणि श्रमानंतर तिला झोप हवी, हे ज्या लोकांनी ओळखले, त्यांना विश्रांतीचे महत्त्व शिकवायला कोणी परका यावा लागला नाही. आपला कुणबी अमावास्येला औत धरत नाही. आणि मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, या जिल्ह्यातली गावे ओस पडतात. कडब्याची कोप, कोपीत पाच पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे! त्या दिवशी बाजारपेठेत गिऱ्हाईक नाही, म्हणून दुकानदार नाही; दुकानदारही कोणाच्या तरी शेतात पंगतीला बसलेला असतो.

आमचा मुद्दा येथेच आहे. येळवस गोड लागते ती भज्जीमुळे खरी, पण सगळे एकाच दिवशी मोकळे असतात म्हणूनही. एकट्याला मंगळवारी सुटी देऊन येळवस होत नाही.

ही गोष्ट जर्मन लोकांनी कायद्यात लिहून ठेवली आहे. तेथे रविवारी दुकाने बंद. रेल्वे स्टेशनावरचे दुकान, पेट्रोलपंप, सकाळी काही तास पाववाला, एवढे सोडले तर रस्ता शांत. वस्तीत गवत कापण्याचे यंत्रसुद्धा त्या दिवशी चालवायचे नाही. तेथे नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबाला शनिवारीच दूधभाजी भरून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. १९१९ च्या राज्यघटनेत रविवारला संरक्षण दिले गेले, आणि १९४९ च्या घटनेने ते कलम जसेच्या तसे उचलले. बर्लिन प्रांताने नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानांना खुले केले, तेव्हा चर्च न्यायालयात गेली. पण १ डिसेंबर २००९ रोजी निकाल देताना न्यायालयाने केवळ धर्माकडे पाहिले नाही. सर्वांना एकाच वेळी मोकळीक नसेल तर कुटुंब, मंडळे, सभा यांचे जीवनच चालत नाही, असा त्याचा आशय होता. आज संध्याकाळी आपण येथे जमलो आहोत, ते तरी दुसऱ्या कशामुळे?

आपल्याकडे वारे उलटे वाहते आहे. आमचा १९४८ चा दुकान कायदा दुकानालाच आठवड्यातून एक दिवस कुलूप लावायला सांगत असे. २०१७ च्या कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवण्यास मोकळीक दिली; नोकराला मात्र पाळीपाळीने एक दिवस. हिशेबाने सुटी तेवढीच. पण बापाची बुधवारी, मुलाची रविवारी, आणि दोघांची गाठ रात्री नऊला! शिवाय तो कायदा केला तेव्हा त्याचा मुख्य भाग दहा किंवा अधिक नोकर असलेल्यांनाच लागू होता. आपल्या पेठेत दहा नोकरांची दुकाने किती, हे आपण मोजून पाहावे.

घरातल्या बाईचा हिशेब तर कोणत्याच कायद्यात नाही. पुरुषाचा रविवार म्हणजे तिचा दुप्पट स्वयंपाक. येळवशीला आपण कोपीपाशी टेकतो, तेव्हा ती आदल्या रात्रीपासून चुलीशी असते. जर्मनीतल्या शांत रविवारी मेजावर येणारे जेवणही कोणीतरी शिजवलेलेच असते, हे विसरता कामा नये.

इतिहासात एक गोष्ट मोठी बोलकी आहे. रोमचा बादशहा कॉन्स्टन्टाइन याने इ. स. ३२१ मध्ये रविवारची विश्रांती फर्मावली, ती न्यायाधीशांना, शहरवासीयांना आणि कारागिरांना. शेतकऱ्याला त्याने मोकळे ठेवले. म्हणजे काम करायला मोकळे. पेरणीचा वाफसा वाराकडे पाहत नाही, हे त्याचे कारण खरेच आहे. पण सतराशे वर्षे झाली, शेतावरचा माणूस अजून त्या फर्मानाच्या बाहेरच राहिला आहे.

कळंब, वाशी, भूम, परंडा या बाजूने दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाची उचल अंगावर. त्यांच्या बोलीत सुटीला शब्दच नाही. एक दिवस काम चुकले तर तो 'खाडा', आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. मग ताप असो की बाळंतपण. इकडे आपण येळवशीची आंबील पीत असतो, तेव्हा हंगाम भरात असतो आणि फडात कोयता चालू असतो. त्यांना आठवड्याचा एक दिवस, मजुरी न कापता आणि खाडा न मांडता, मिळाला पाहिजे. आणि तो सगळ्या टोळीला एकाच वारी मिळाला पाहिजे. साखर कारखान्यांच्या सभासदांपैकी काही मंडळी आज समोर बसलेली आहेत. वार्षिक सभेत हा प्रश्न विचारायला त्यांना कोणी अडवलेले नाही.