न्हाणीघरातील गीझर आणि मेंदूचे चित्र
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



डॉक्टराने व्यासपीठावर यावयाचे ते मधुमेहावर किंवा रक्तदाबावर बोलावयास, अशी आता रूढीच पडली आहे. आम्ही मात्र आज न्हाणीघराविषयी बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. परंतु त्यापायी आपल्याच ज्ञातीतील एक संसार मोडता मोडता राहिला, म्हणून कार्यवाहांकडून ही वीस मिनिटे आम्ही मुद्दाम मागून घेतली. संबंधितांच्या संमतीनेच हकिकत सांगत आहोत. नावे अर्थातच सांगणार नाही.

गतवर्षी पौषात एक नवविवाहिता सकाळी स्नानास गेली, ती बराच वेळ बाहेर येईना. दार मोडले तेव्हा ती फरशीवर पडलेली होती आणि हातापायांस झटके येत होते. रुग्णालयात बोटास लावावयाच्या चिमट्याने प्राणवायूचे प्रमाण ९८ टक्के दाखविले. मेंदूचे एमआरआय चित्र निर्दोष आले. निदान झाले फेफऱ्याचे. गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरवड्याच्या आत सासरी कुजबुज उठली की, माहेरच्यांनी आजार लपवून मुलगी दिली. मुलगी माहेरी परतली. न्हाणीघराच्या भिंतीवर गॅसचा गीझर आहे काय, हे कोणी विचारले नाही. ते विचारावयास हवे होते ते डॉक्टर आम्हीच.

आमच्या बालपणी परसात तांब्याचा बंब पेटत असे. त्याच्या धुराने डोळे चुरचुरत. पण धूर उघड्यावर निघून जाई. गॅसच्या गीझरची ज्योत बंद न्हाणीघरातच जळते, आणि थंडीमुळे आपण खिडकीची फटसुद्धा बुजवितो. तेवढ्याशा जागेतील प्राणवायू कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वासही नाही. ‘वास आला नाही, मग गॅस कसला?’ असे त्या घरातील वडीलधाऱ्यांनी आम्हांस मागाहून विचारले. सिलिंडरच्या गॅसला येणारा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. येथे गळती नव्हतीच. गॅस जळत होता. अशा वेळी नाकावर भिस्त ठेवून काय होणार?

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. तो त्याची जागा बळकावून बसतो. बोटाच्या चिमट्याला तर हे दोन प्रकारचे रक्त वेगळे ओळखताच येत नाही. म्हणून गुदमरलेल्या माणसाचाही आकडा तो उत्तम दाखवितो. रक्ताची स्वतंत्र तपासणी करावी लागते, आणि तीही तत्काळ. साध्या हवेत हा वायू चार-पाच तासांत निम्म्यावर येतो. नाकातोंडावर शुद्ध प्राणवायूचा मुखवटा लावल्यास सुमारे तासा-दीड तासात. उशीर झाला की पुरावाच उरत नाही.

आता चित्राविषयी. विषबाधा तीव्र असेल तर मेंदूच्या अंतर्भागात, उजवीकडे व डावीकडे समोरासमोर, ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागांत इजा दिसते. एमआरआयवर काही प्रतिमांत हे दोन ठिपके पांढरे चमकतात. ते एकदा पाहिलेला डॉक्टर सहसा विसरत नाही. आमच्या दुसऱ्या एका रुग्णाच्या चित्रात ते होते. ते गृहस्थ शुद्धीवर येऊन चालत घरी गेले. आणि तीन आठवड्यांनी त्यांना नातवाचे नाव आठवेना, पाऊल उचलेना, कपड्यांत लघवी होऊ लागली. बरे होऊन गेलेल्या माणसाचा मेंदू असा काही दिवसांनी वा आठवड्यांनी पुन्हा ढासळू शकतो. त्या वेळी मेंदूच्या शुभ्र द्रव्यात दोष आढळतो. परंतु थोडा वेळच वायू पोटात गेला असेल तर चित्र पुष्कळदा स्वच्छच येते. स्वच्छ चित्र म्हणजे विषबाधा नव्हे, असे आम्ही मानले, आणि तेथेच फसलो.

माघात त्याच न्हाणीघरात तिची नणंद कोसळली. या खेपेस रक्त लगेच तपासले, आणि उलगडा झाला.

गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत केवळ गरम पाण्याची नळी यावी. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आत जावे. विजेच्या गीझरात ज्योत नसल्याने हा वायू होत नाही. कोणी कोसळलेच तर प्रथम त्यास उघड्यावर आणावे, गॅस बंद करावा आणि डॉक्टरास गीझरचे सांगावे, त्याने विचारले नाही तरी.

त्या मुलीस खरोखरच फेफरे असते, तरी तो काही गुन्हा नव्हता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली घातलेला फेफऱ्याचा उल्लेख १९९९ साली काढून टाकण्यात आला. कायद्याने जे सोडले ते आपल्या बैठकीच्या खोल्यांनी अजून धरून ठेवले आहे.

मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने तिच्या गोळ्या थांबल्या. ती सासरी नांदते आहे, गीझर बाल्कनीत गेला आहे. मात्र आपल्या वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत तिच्या धाकट्या बहिणीच्या नावापुढे ‘घराण्यात फेफरे’ असा पेन्सिलीचा शेरा आम्ही परवा पाहिला. तीन स्थळे त्यावरून परत गेली. तो शेरा आमच्या चुकीच्या निदानावरून पडलेला आहे. तसे पत्र आम्ही सहीनिशी लिहून आणले असून, खाली उतरताच ते वहीसह कार्यवाहांच्या हाती देणार आहोत.