अध्यापकांचे प्रशिक्षण: हक्क की प्रमाणपत्रांचा व्यापार?

(बंगळूरच्या कोरमंगला भागात विद्यापीठीय व महाविद्यालयीन अध्यापकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोरमंगल्याचे नाव आज देशभर घेतले जाते ते नव्या कंपन्यांमुळे. २००७ साली याच वस्तीतल्या एका सदनिकेत फ्लिपकार्ट सुरू झाली आणि २०१८ साली ती अमेरिकन वॉलमार्टच्या ताब्यात गेली, ही कथा येथील तरुणांना तोंडपाठ आहे. परंतु याच कोरमंगल्यात भारतीय खगोलभौतिकी संस्था उभी आहे, आणि तिची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात स्थापन झालेल्या वेधशाळेपासून आणि कोडाईकनालच्या वेधशाळेपासून तिची परंपरा सुरू होते. १९७१ साली ती स्वायत्त संस्था झाली. डॉ. वैनू बाप्पू यांनी कावलूरच्या दुर्बिणीचा संकल्प केला, तेव्हा तयार दुर्बीण परदेशातून विकत आणण्याचा सोपा मार्ग त्यांनी नाकारला. २.३४ मीटर व्यासाच्या त्या आरशाला संस्थेच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत घासून आकार देण्यात आला. बाप्पू १९८२ साली गेले. १९८६ साली दुर्बिणीला त्यांचे नाव देण्यात आले. हे सारे जनतेच्या पैशातून, सार्वजनिक क्षेत्रात झाले.

अध्यापकांच्या सभेत दुर्बिणीचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. कावलूरच्या दुर्बिणीवर निरीक्षणासाठी देशातील विद्यापीठांच्या संशोधकांनाही प्रस्ताव पाठवता येतो. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान अकादमीने इतर दोन राष्ट्रीय अकादम्यांच्या सहकार्याने विद्यार्थ्यांबरोबर अध्यापकांसाठीही दोन महिन्यांच्या उन्हाळी संशोधनवृत्ती आणि दोन आठवड्यांचे उजळणी वर्ग चालवले आहेत. म्हणजे दार कागदोपत्री उघडे आहे. त्या दारापर्यंत कोण पोचू शकतो, हा आजचा प्रश्न आहे.

या बाबतीत महाराष्ट्रातील एक उदाहरण मोलाचे आहे. १९८८ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने पुण्याला आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे 'आयुका', स्थापन केले. प्रा. यशपाल त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर केंद्राचे पहिले संचालक झाले. या केंद्राची कल्पनाच अशी की, उत्तम ग्रंथालय, संगणक आणि दुर्बीण प्रत्येक विद्यापीठाला परवडणार नाही. तेव्हा ती एके ठिकाणी उभारावी आणि सर्व विद्यापीठांच्या अध्यापकांना तेथे हक्काने येऊ द्यावे. निवड झालेला अध्यापक काही वर्षांसाठी केंद्राचा सहयोगी होतो. आपली नोकरी व आपला वर्ग न सोडता तो सुट्टीत पुण्याला येतो. प्रवासाचा व राहण्याचा खर्च केंद्र देते. चार-सहा आठवडे काम करून तो पुन्हा आपल्या गावच्या महाविद्यालयात परत जातो. जुन्नरजवळ गिरवलीला केंद्राची दोन मीटर व्यासाची दुर्बीणही आहे. मराठवाड्यातील वा विदर्भातील भौतिकशास्त्राच्या अध्यापकाला जगाच्या विज्ञानाशी बरोबरीच्या नात्याने जोडणारी ही योजना आहे. तिच्यात भाषणबाजी नाही, हजेरीपटावर सही करून चहापानाला निघून जाणे नाही. अध्यापकाला विद्यार्थी न समजता सहकारी समजण्याची ही रीत इतर विषयांत क्वचितच रुजली, ही दुर्दैवाची गोष्ट आहे. इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या, मराठीच्या अध्यापकासाठी असे केंद्र कोठे आहे?

अध्यापकांचे प्रशिक्षण ही कल्पना सरकारच्या औदार्यातून आली, असे मानण्याचे कारण नाही. १९६३ पासून विज्ञानाच्या अध्यापकांसाठी उन्हाळी वर्ग निघाले ते अमेरिकन साह्याने; कोणता विषय कसा शिकवावा, याचा सल्लाही मदतीबरोबरच आला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात अध्यापकाच्या सेवांतर्गत शिक्षणाचा आग्रह धरला. त्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. पण अहवाल कपाटात राहिले. १९८३ साली नेमलेल्या मेहरोत्रा समितीने वेतनश्रेणींबाबत शिफारशी केल्या आणि सरकारने त्या मोडतोड करून लागू करण्याचा घाट घातला, तेव्हा १९८७ च्या ऑगस्टमध्ये देशभरचे प्राध्यापक संपावर गेले. त्याच सुमारास १९८६ च्या शैक्षणिक धोरणाला अनुसरून विद्यापीठांत अध्यापक प्रबोधिनी निघाल्या. पहिल्या टप्प्यात त्या ४८ होत्या. चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, प्रवासखर्च, कर्तव्यरजा आणि वरिष्ठ श्रेणीसाठी त्या वर्गांचा विचार, अशी ही व्यवस्था होती.

येथेच पुढल्या गोंधळाचे बीज होते. प्रशिक्षण बढतीशी बांधले की प्रशिक्षणाची ओढ कमी आणि प्रमाणपत्राची निकड जास्त होणार, हे उघड होते. २०१० च्या नियमावलीने तर कहर केला. अध्यापकाचे काम गुणांकांत मोजले जाऊ लागले: दोन आठवड्यांचा वर्ग केला तर वीस गुण, एका आठवड्याचा केला तर दहा! गिरणीतल्या तुकड्यावरच्या कामासारखी ही पद्धत. मग ज्याला गुण हवेत त्याच्यासाठी गुण पुरवणारा बाजारही उभा राहिला. पैसे घेऊन लेख छापणारी नियतकालिके निघाली. २०१८ साली अनुदान मंडळालाच आपल्या मान्य यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके वगळावी लागली. टाळेबंदीच्या काळात घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्या आठवडी वर्गांचा पूर आला. या प्रकाराला अध्यापकच जबाबदार आहेत, असे म्हणणे सोपे आहे. दोष पदरात घ्यावा लागेलच. पण ज्याने मोजमाप ठरवले त्याची जबाबदारी अधिक आहे.

सत्ताधाऱ्यांनी नावे मात्र वारंवार बदलली. प्रबोधिन्यांची २०१५ साली मानव संसाधन विकास केंद्रे झाली. २०१८ साली 'स्वयम्'वर ४० तासांचा वार्षिक उजळणी कार्यक्रम आला. २०२३ च्या सप्टेंबरात तीच केंद्रे मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे झाली. आता दोन आठवड्यांच्या वर्गात २०२० च्या शैक्षणिक धोरणाची ओळख व भारतीय ज्ञानपरंपरा यांसारखे केंद्राने ठरवलेले विषय शिकवले जातात. एखाद्या रसायनशास्त्राच्या अध्यापकाला स्वतःच्या विषयात गेल्या दहा वर्षांत काय घडले, हे त्यातून कळणार आहे काय? सरकारी धोरणाची माहिती जरूर द्यावी. परंतु प्रचाराला प्रशिक्षण म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट ही की, ज्याला प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज आहे त्याला ते घेणेच परवडत नाही. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणारा अध्यापक घेतलेल्या तासाचेच पैसे घेतो. तो तीन आठवडे वर्गाला गेला तर तीन आठवड्यांची कमाई बुडते, आणि परत येईपर्यंत त्याचे तास दुसऱ्याला दिलेले असण्याचा धोका राहतो. कायम अध्यापकाला मिळणारी कर्तव्यरजा त्याला नाही; बढती नाही, त्यामुळे प्रमाणपत्राचा उपयोगही नाही. कर्नाटकात सरकारी पदवी महाविद्यालयांत अतिथी व्याख्यात्यांची संख्या दहा हजारांहून अधिक. बेळगावकडच्या महाविद्यालयांत शिकवणारे मराठी भाषक व्याख्यातेही याच परिस्थितीत आहेत. सेवेत कायम करा, या मागणीसाठी हे व्याख्याते २०२३ च्या अखेरीस संपावर गेले. पाहुणा म्हणायचे आणि वर्षानुवर्षे घरचे काम करून घ्यायचे, अशी ही रीत!

महाराष्ट्राच्या इतिहासातही याचा दाखला आहे. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट नसताना नेमलेल्या अध्यापकांना व्यवस्थेने नोकरीत घेतले, वर्षानुवर्षे शिकवू दिले आणि नंतर अपात्र ठरवले. २०१३ साली ४ फेब्रुवारी ते १० मे या काळात प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, त्यामागच्या मागण्यांत यांच्याही सेवेचा प्रश्न होता. नेमणूक करताना पात्रतेची सोय करायची नाही आणि पुढे पात्रता नाही म्हणून हक्क नाकारायचा, ही दुटप्पी नीती त्या लढ्याने चव्हाट्यावर आणली.

म्हणून प्रशिक्षणाची मागणी रिक्त जागा भरण्याच्या मागणीपासून तोडता येणार नाही. शिकवण्याचे काम नित्याचे असेल तर नेमणूकही नित्याची हवी. ती होईपर्यंत तासिका तत्त्वावरील व अतिथी अध्यापकांना प्रशिक्षणाच्या काळात पूर्ण मोबदला आणि परतल्यावर त्यांचेच तास, एवढे तरी शासनाने लेखी द्यावे. विषयवार वर्ग कमी करू नयेत. त्यांचा अभ्यासक्रम विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी ठरवावा, दिल्लीने नव्हे. आयुकाच्या धर्तीवर सामाजिक शास्त्रांसाठी आणि भाषांसाठी आंतरविद्यापीठीय सहयोगाची योजना व्हावी. कोरमंगल्यासारख्या ठिकाणच्या राष्ट्रीय संस्थांनी ग्रामीण महाविद्यालयांच्या अध्यापकांसाठी जागा राखून ठेवाव्यात. आणि दर सत्रात प्रशिक्षण केंद्रांनी आपल्या प्रवेशयाद्यांतील आकडे जाहीर करावेत: किती अध्यापक कायम, किती हंगामी, किती शहरातले, किती खेड्यातले, किती स्त्रिया. या शेवटच्या मागणीला पैसा लागत नाही. संघटनांनी आपापल्या विद्यापीठात ती याच सत्रात लेखी मांडावी.